बायनाआत्याची सही

बायनाआत्या सही करायला बसल्या की बघणाऱ्यानं घाई करायची नाही. आधी त्या पदरानं हात पुसायच्या. मग पेन हवेतल्या हवेत दोन-तीनदा फिरवून बघायच्या. कागदाखाली जाड वही लागायची. 'बा' काढून झाला की थांबायच्या, त्याच्याकडं जरा लांबून बघायच्या आणि मग 'य'ला हात घालायच्या. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं असायचं. 'बायनाबाई' ही पाच अक्षरं काढायला त्यांना चांगली पाच मिनिटं लागायची. शेवटची वरची रेघ मात्र एका दमात ओढायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "बगा बरं, जमलीया का?"

मी तीस वर्षं कोरेगावच्या कोर्टात वकिली करतोय. ह्या डोळ्यांखालून किती सह्या गेल्या त्याला गणती नाही. बहुतेक सह्या कोंबडीनं उकिरडा उकरावा तशा असतात, आमच्या वकिलांच्या तर विचारूच नका. सही करताना इतका आनंद झालेला माणूस मी एकच बघितला, तो म्हणजे सत्तरीच्या बायनाआत्या. आणि त्याच सहीच्या जोरावर मी त्यांचं माहेर तोडलं. लोक म्हणतात, साहेब, तुम्ही तुमचं काम केलंत. केलं, बाबांनो. पण ते काम केल्यापासून मला त्या बाईचा विचार डोक्यातून काढता आलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आत्यांचं माहेर रहिमतपूरच्या अलीकडचं एक लहान गाव आणि सासर सांगलीजवळ कृष्णाकाठी. नवरा लष्करात हवालदार होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. माहेरात थोरला भाऊ आनंदराव. आत्या त्याला दादा म्हणत, म्हणून सगळं गावच त्याला दादा म्हणायचं. दादा आल्याचा व्यापारी. आमच्या भागात आलं गाडीवर विकतात, म्हणजे पाचशे किलोची एक गाडी. दादा बांधावरच सौदा करायचा, माल उचलायचा आणि दोन महिन्यांनी पैसे द्यायचा. वीस वर्षं एका शब्दावर धंदा केला, कुणाला चिठ्ठीसुद्धा लागली नाही. एका वर्षी भाव असा कोसळला की उचललेला माल निम्म्या किमतीतही जाईना. एकोणीस शेतकऱ्यांचे पैसे अडकले. दादा रोज दाराशी आलेल्यांना पाणी द्यायचा, "देतो, कुठं पळून जातोय का" म्हणायचा, आणि एक दिवस वखारीत काट्याजवळच कोसळला तो उठलाच नाही.

शेतकरी घाबरले नव्हते. रस्त्याला लागून साडेचार एकर बागायत दादानं स्वतःच्या कमाईनं घेतलेली होती. मेलेल्या माणसाच्या मालमत्तेतून आधी त्याचं देणं भागतं, उरलं तर वारसाला, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण दीड महिन्यानं दादाच्या एकुलत्या एका पोरानं, विलासनं, एक कागद बाहेर काढला. त्यात लिहिलेलं, की वडिलांनी मरायच्या दोन वर्षं आधीच ती जमीन वाटणीत मला देऊन टाकली होती. म्हणजे दादा मेला तेव्हा त्याच्या नावावर अंगावरचे कपडे आणि वडिलार्जित जमिनीचा तुकडा सोडला तर काही नव्हतं, घ्या काय घेताय ते. मुद्रांक जुन्या तारखेचा होता. तसले मुद्रांक कुठं मिळतात हे मला विचारू नका, पण मिळतात. खाली साक्षीदार म्हणून दादाच्या सख्ख्या बहिणीची ठसठशीत सही होती.

एकोणीस जण माझ्या ऑफिसात आले. त्यांचा म्होरक्या हणमंत, फौजेतून निवृत्त होऊन आलेला गडी. निवृत्तीचे सगळे पैसे त्यानं आल्यात घातले होते आणि ते आलं दादाच्या वखारीत गेलं होतं. तो म्हणाला, "सायेब, कागद खोटा हाय."

"अरे, ते शेंबड्या पोरालाही कळतंय," मी खेकसलो. "कोर्टाला कसं कळवायचं ते सांग. सख्खी आत्या साक्षीला आहे."

हणमंत खुर्चीतून पुढं सरकला. मग म्हणाला, "ती बाई खोटं बोलायची न्हाई पर. दहाव्याला मी हुतो." आणि त्यानं मला दहाव्याची गोष्ट सांगितली. नदीच्या काठी पिंड ठेवलेला, आणि कावळा काही शिवेना. विलासनं हात जोडले, भावकीनं जोडले, काही नाही. ऊन चढत चाललेलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले, कारण दादाचा जीव कशात अडकलाय हे सगळ्यांनाच माहीत होतं आणि तोंडातून कुणी काढत नव्हतं. तेव्हा बायकांतून बायनाआत्या उठल्या, पुढं आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "दादा, तुज्या मागं कुनाचं देनं बुडू देनार न्हाई. ह्यो माजा शबूद." आणि कावळा आला. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. ऊन झाल्यावर कावळ्याला भूक लागली असेल. पण हणमंत सांगताना रडत होता आणि बाकीचे अठरा जण माना खाली घालून उभे होते, तेव्हा मी वकीलपत्राचे कागद पुढं ओढले.

पुढच्या आठवड्यात मी सांगलीकडं गेलो. समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला असं परस्पर भेटणं कितपत शोभतं हे मला कुणी शिकवू नये, मला माहीत आहे. आत्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोरेगावहून आलोय म्हटल्यावर पुढचं ऐकलंच नाही. "कोरेगाव! आगं सूनबाई, म्हायारचं मानूस आलंय!" लगेच घोंगडं आलं, पाणी आलं, ताटलीत भडंग आलं. वसना नदीला पाणी किती आहे, गावाच्या वेशीतली चिंच अजून आहे का, अमक्याच्या म्हातारीचा गुडघा बरा झाला का, अशी चौकशी सुरू झाली. ती म्हातारी मला माहीतही नव्हती. मी ठोकून दिलं, बरा झाला. आत्यांना फार बरं वाटलं.

ह्या बाईची ही एक खोडच होती. लग्न होऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली, पोरं झाली, नातवंडं झाली, पण 'आमच्याकडं' म्हटलं की ते माहेरच. त्यांची सून मला नंतर हसत सांगत होती, की त्या 'आमच्याकडं पाऊस पडला' म्हणाल्या तर आम्ही दोरीवरचे कपडे काढायला जात नाही, तो तिकडं पडलेला असतो. दादाच्या घरी गेल्या की त्या आल्या-आल्या चुलीजवळ जाऊन बसायच्या, पाहुणीसारखं एकदाही बसल्या नाहीत. जाताना पिशवीत भडंग न्यायच्या आणि येताना पिशवीभर तिकडची माती लागलेलं आलं आणायच्या. सांगलीत आलं मिळत नाही का? मिळतं. पण ते दादाचं नव्हतं.

मी वकील आहे हे कळल्यावर त्या थोड्या सावरून बसल्या. मी कागदाची झेरॉक्स पुढं ठेवली. वाचता त्यांना येत नव्हतं, पण खालची सही दिसताच चेहरा उजळला.

"ही माजी हाय. बगा कशी जमलीया!"

"छान आहे. कुठपर्यंत शिकलात, आत्या?"

"कसली शाळा आन् कसलं काय! आत्ता आत्ता शिकले, म्हातारपनी." आणि त्या रंगात आल्या. नवऱ्याची पेन्शन काढायला बँकेत जायच्या, दर महिन्याला अंगठा. एकदा खिडकीतला कारकून ओरडला, आजी, अंगठा नीट दाबा, किती चिठ्ठ्या वाया घालवताय. मागं रांग हसली. "हवालदाराची बायकू मी, आन् मला हसत्यात!" घरी येऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाल्या, मला नाव काढायला शिकव. सुनेनं परातीत पीठ पसरलं आणि बोट धरून शिकवलं. भाकरी थापायच्या आधी रोज पिठात 'बायनाबाई'. चार महिने लागले. मग बँकेत जाऊन साहेबाकडून रीतसर अर्ज भरून घेतला, की इथून पुढं अंगठा नाही, सही.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"दादा जायच्या आदी आठ म्हयनं. त्येला फोन करून सांगितलं तवा दादा किती हासला!"

मी चहाची बशी खाली ठेवली. कागद दादाच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधीचा. त्या तारखेला ह्या बाईला 'बा' काढता येत नव्हता, आणि बँकेत तसा तारखेचा अर्ज पडलेला होता. आख्खी केस त्या परातीतल्या पिठात होती. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी इतका आनंद झाला की भडंगाची दुसरी मूठ मी न मागता घेतली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौदाव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, विलास तीन मुद्रांक आणि शाईचं पॅड घेऊन स्वयंपाकघरात आला. आत्या, आजोबांच्या जमिनीत तुझं नाव अजून लागलेलं आहे, हक्कसोड करायची राहिलीय. आमच्याकडं बहिणी हक्कसोड देतात ती अशीच. भावानं मागायची, बहिणीनं द्यायची, वर एक साडी घ्यायची आणि सगळ्यांना सांगत फिरायचं की मी माहेराकडून काही घेतलं नाही. त्याचा बायकांना मोठा अभिमान. मी कायद्याचं किती बोललो तरी उपयोग होत नाही, माझ्या सख्ख्या बहिणीनंही तेच केलंय.

"कागदावर काय लिहिलंय, विचारलं नाहीत?"

आत्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "भावाच्या घरात कागद वाचायचा आसतो व्हय, सायेब?"

गंमत पुढंच आहे. विलासनं पॅड उघडलं, तर आत्यांनी त्याचा हात मागं सारला. अंगठा कशाला, मला आता सही येते की! पोरगं हसलं. "आत्या, लय हुशार झालीस की गं!" आणि पेन आणून दिलं. त्या तीनही कागदांवर त्यांनी जीव लावून सह्या केल्या. दोन वर्षांपूर्वीचा कागद करायचाय आणि दोन वर्षांपूर्वी आपली आत्या अंगठेबहाद्दर होती, हे एवढं साधं गणित त्या दीडशहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आत्याकडं त्यानं तसं कधी बघितलंच नव्हतं. अंगठा घेतला असता तर मी आयुष्यात ती केस जिंकलो नसतो.

मी आत्यांना सगळं समजावून सांगितलं, की त्यातल्या एका कागदावर काय लिहिलंय, त्यानं एकोणीस घरांचं काय होतंय, आणि कोर्टात येऊन तुम्ही खरं बोललात तर काय होईल. शेंगा फोडायचा हात थांबला होता.  मग म्हणाल्या, "म्हंजी माज्याच सहीनं बुडालं म्हना की लोक."

"तुमची चूक नाही."

"आन् मी बोलल्यावर पोराला काय हुईल?"

इथं मी खोटं बोललो. म्हणालो, "काही होत नाही. कागद रद्द होतो, एवढंच." पुढं काय-काय होऊ शकतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला साक्ष हवी होती.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "सायेब, येती मी. दादाला शबूद दिलाय."

साक्षीच्या दिवशी कोर्टात त्या हिरव्या काठाचं लुगडं नेसून आल्या, माहेरी जाताना नेसायच्या तेच. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर नाव विचारलं, नाव सांगितलं. पुढचं कुणी न विचारताच म्हणाल्या, "आनंदाची भन." न्यायाधीश बाई हसल्या. प्रतिवादीशी नातं काय? "भाचा. लेकच म्हना." विलास समोर बाकावर बसला होता. त्याच्याकडं बघून त्यांनी मान हलवली, कसा आहेस असं विचारल्यासारखी. त्यानं तोंड फिरवलं.

मी कागद दाखवला. ही सही तुमची? "व्हय, माजीच." कुठं केलीत? "दादाच्या सैपाकघरात." कधी केलीत?

आता आत्या थांबल्या.   मला वाटलं, फिरली बाई. आज मला वाटतं, फिरली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं, काढलं, आणि म्हणाल्या, "दादाच्या चौदाव्याला. दादा जाऊन चौदा दिस झालं हुतं."

विलासचा वकील अंगावर आला. पैसे घेऊन बोलताय का? "घेतलं की. यस्टीचं तिकीट दिलं सायबांनी. अर्धं लागतंय बायकास्नी." सगळे हसले. भाच्यावर राग आहे का? तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "राग? ह्येची आय आजारी हुती, तवा दोन वरीस मी ह्येला न्हाऊ घातलंय, वकीलसायेब. राग कशाचा यील?"  बँकेचा माणूस अर्ज घेऊन आलाच होता. साक्ष संपली, जबाबाखाली सही करायची वेळ आली. त्यांनी हात पुसले आणि पाच अक्षरं काढली. त्यांचं होईपर्यंत आख्खं कोर्ट थांबलं.

बाहेर व्हरांड्यात त्या विलासकडं गेल्या. पिशवीतून भडंगाची पुडी काढून पुढं धरली. तो म्हणाला, "आत्या, आजपासनं तुजं म्हायार संपलं. पुन्यांदा दारात येऊ नगंस." सगळ्यांदेखत म्हणाला, हळू आवाजात, नीट. आत्या पुडी धरून तशाच उभ्या राहिल्या. मीच ती त्यांच्या हातातून घेतली आणि पिशवीत टाकली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. येणं बुडवण्यासाठी केलेला खोटा कागद म्हणून तो रद्द झाला आणि जमीन विकून देणं भागवायचा हुकूम झाला. हणमंतानं पेढे आणले. मी खाल्ले. मग एकोणिसातल्या कुणीकुणी निकालाची नक्कल घेऊन पोलिसांत फिर्याद दिली. मी अडवलं, पण पेटलेली माणसं ऐकतात होय? विलासला अटक झाली, तो बारा दिवस आत राहिला.

आत्यांचा फोन आला. ओरडल्या नाहीत. "सायेब, तुमी म्हनला हुता काय हुत न्हाई."  मग म्हणाल्या, "त्येला मऊ भात लागतो रातच्याला. पोट नाजूक हाय त्येचं. तितं कोन देनार?" आणि फोन ठेवला.

पुढं विलासच्या पोरीचं लग्न निघालं. पुन्हा फोन. "सायेब, पत्रिका टपालात हारावती का वो कवा कवा?" मी म्हणालो, हरवते. "तसंच झालं आसंल. पर पत्रिका नसताना कसं जायाचं?" त्या लग्नाला गेल्या नाहीत. सुनेनं सांगितलं, की मुहूर्ताच्या वेळी त्यांनी देवापुढं मूठभर अक्षता टाकल्या.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते जमिनीच्या लिलावाला. बेलीफ, मी, पाच-सहा बोली लावणारे आणि आमचे एकोणीस, सगळे बांधावर जमलेले. आत्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सांगलीहून दोन एसट्या बदलून आल्या होत्या, लहानपणी दादाच्या खांद्यावर बसून हिंडलेल्या गावात. बांधाच्या कडेला एकट्याच बसल्या होत्या. ज्यांच्यासाठी त्यांनी एवढं केलं त्या एकोणिसांपैकी एकानंही त्यांना 'बस' म्हटलं नाही, 'आलीस का' म्हटलं नाही. हणमंतसुद्धा आपल्या वाट्याला किती येईल ह्याचीच बेरीज करत होता. मला त्या माणसांची चीड आली, आणि स्वतःची जास्त. आत्यांना तहान लागली होती. त्यांच्या माहेरच्या गावात त्या माझ्या बाटलीतलं पाणी प्याल्या.

बोली साताऱ्याच्या एका माणसावर सुटली. त्यातून सगळ्यांना निम्म्याहून थोडं जास्त मिळणार होतं. विहिरीवरच्या मोटरखोलीची किल्ली द्यायला विलास आला. मोटारसायकल रस्त्यावर लावून बांधाबांधानं चालत आला. वाळला होता. त्याला बघताच आत्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला. नजर वळवली नाही. बेलीफाच्या हातात किल्ली दिली, कागदावर सही केली आणि त्याच वाटेनं परत फिरला. परत जाताना पुन्हा हातभर अंतर.

माझं डोकं सणकलं. मी दोन पावलं पुढं गेलो, "ए विलास" एवढं तोंडातून निघालंही. आत्यांनी माझी बाही धरली.

"ऱ्हाऊ द्या, सायेब."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. बांधावरून लांब जाणाऱ्या त्या पाठमोऱ्या पोराकडं बघत होत्या, आणि तोंडभर हसत होत्या.

"बगा कसा चालतोय," त्या म्हणाल्या. "आगदी माज्या दादावानी."